न ऐकलेली कबुली

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! एक ट्रंक, एक छत्री, नर्सचे दोन पांढरे कोट आणि ही नवी कोरी वही. प्रवासात अंग आंबून गेलं होतं, पण फाटकातून आत पाऊल टाकलं आणि कसला शीण न् कसलं काय. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी मी हसत होते.

घर चर्चच्या मागे आहे. मधे फरशीचं अरुंद अंगण. खाली स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि म्हाताऱ्या फादरांची खोली. वर मोठे फादर राहतात आणि जिन्याच्या दुसऱ्या बाजूला आता मी. माझ्या खोलीत पलंग, टेबल, भिंतीवर क्रूस आणि कपाटात आधीच्या कुणाची तरी एक विटकी मोजडी. एकच. जोडीची कुठे गेली देव जाणे.

स्वयंपाक करणाऱ्या बाई दारातच भेटल्या. त्यांच्या तोंडाचा पट्टा असा की ट्रंक वर पोचेपर्यंत मला घरातल्या प्रत्येकाची पचनशक्ती कळली. मोठ्या फादरांना रात्रीचं जेवण सोसत नाही, म्हाताऱ्या फादरांना सुपाशिवाय काही खाता येत नाही. मला त्यांनी आल्या आल्या दोन उकडलेली अंडी आणि पाव दिला, आणि माझ्या हडकुळेपणावर बोलून घेतलं. आवडल्या मला.

मोठे फादर संध्याकाळी भेटले. साठीचे, उंच, आवाज हळू. माझे कागद त्यांनी फार वेळ पाहिले. मग म्हणाले की इथलं काम इतर नर्सना जड गेलं, तुम्हांला नको वाटलं तर कधीही सांगा. मी म्हटलं, मला हेच काम हवं होतं. यात एक अक्षरही खोटं नाही. बावीस वर्षं मी याच कामाची वाट पाहिली.

मंगळवार, ५ तारीख

आज खालची मागची खोली दाखवली. बिशपांच्या लेखी परवानगीनं अशुद्ध आत्मे काढायचा विधी होतो तो याच खोलीत. जमिनीवर गादी, चारही बाजूंनी शिवून बसवलेली. एक खुर्ची, तिचे सगळे कोपरे सुतारानं गोल केलेले. ना आरसा, ना काच. एक गज लावलेली खिडकी अंगणाकडे, आणि दार अंगणातल्या पायरीवर उघडणारं. दाराला बाहेरून कडी.

माझं काम सरळ आहे. डॉक्टरांचा दाखला तपासायचा, विधीच्या आधी रुग्णाची नखं कापायची, अंगावरचे दागिने काढायचे, नाडी पाहत राहायची आणि दर पाव तासानं पाणी पाजायचं. विधी थांबवायचा हक्क फादरांना नाही, नर्सला आहे. हा नियम मोठ्या फादरांनी स्वतः केला आहे म्हणे. हे सांगताना त्यांनी पाण्याच्या जगावर हात ठेवला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताईला मारून शिकलेला माणूस!

आता लिहूनच टाकते, नाहीतर पोट फुटेल. माझी मोठी बहीण याच खोलीत गेली. ती एकोणीस वर्षांची, मी अकरा. तिला अधूनमधून फिट यायची, बाकी धडधाकट होती. हेच मोठे फादर, तेव्हा तरुण, म्हणाले की तिच्यात अशुद्ध आत्मा आहे आणि तो पाणी मागतो तेव्हा द्यायचं नाही, त्यानं त्याचं बळ वाढतं. अकरा दिवस. शेवटी डॉक्टरनं हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. आज मला माहीत आहे की जीभ सुकून टाळ्याला चिकटते तेव्हा काय होतं. मी दाराबाहेर पायरीवर बसलेली असायचे. मला आत जाऊ दिलं नाही.

आई त्या दुःखात गेली. आता मी उरले. लग्नानं आडनाव बदललं, वयानं चेहरा. हे मला ओळखणार नाहीत. मला त्यांचा जीव नको. ताईचं त्यांनी काय केलं ते चारचौघांत, त्यांच्या तोंडावर, मोठ्यानं म्हटलं गेलं पाहिजे. तेवढ्याचसाठी आले आहे. कसं ते अजून ठरलेलं नाही.

गुरुवार, ७ तारीख

रुग्ण आली. शिवणकाम करणारी बाई, तिशीची, बोटांना सुयांचे घट्टे. सोबत नवरा, टोपी हातात चुरगाळत बसलेला. तीन डॉक्टर झाले, दोन दवाखाने झाले. सहा महिन्यांपासून तिच्या तोंडून पुरुषाचा आवाज येतो आणि शेजाऱ्यांची गुपितं बाहेर पडतात. नवरा म्हणाला की त्यांच्या गल्लीत आता कुणी त्यांना खिडकीसुद्धा उघडत नाही. बाई स्वतः मान खाली घालून माझ्या कोटाची उसवलेली शिवण पाहत होती. मग म्हणाली, द्या इकडे, दोन टाके घालते. चांगली बाई आहे.

मोठ्या फादरांनी आम्हा मदतनिसांना, म्हणजे मला आणि सुताराला, बसवून नियम सांगितले. त्या आत्म्याशी बोलायचं नाही. त्यानं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: विधीच्या दिवशी सकाळी प्रत्येकानं म्हाताऱ्या फादरांपुढे पापकबुली द्यायची. जे पाप कबूल केलं आणि ज्याची क्षमा मिळाली ते त्याला दिसत नाही. जे पोटात ठेवलं ते तो सगळ्यांसमोर वाचून दाखवतो.

माझे कान टवकारले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण कल्पना झकास आहे.

म्हातारे फादर नव्वदीचे. कानात मशीन, तेही शिट्ट्या मारतं. त्यांच्या खोलीत खुर्ची, क्रूस, औषधांचा डबा आणि लहान मुलांची असते तशी पाटी न् खडू. मशीन रुसलं की काय खाणार हे विचारायला पाटी लागते, असं बाई म्हणाल्या.

शनिवार, ९ तारीख

सकाळी कबुली दिली. रागावते, आळस करते, सासूचा फोन घेत नाही. म्हाताऱ्या फादरांनी मान डोलावली आणि क्षमा दिली. बाहेर मोठे फादर उभे होते. सगळं सांगितलंत ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. त्यांच्या काळ्या बाहीला खडूची पांढरी धूळ होती, मुलांच्या वर्गावरून आले असावेत.

तीन वाजता सुरू झालं. भर दुपार, खिडकीतून ऊन आत आलेलं. फादरांनी गळ्यात जांभळा पट्टा घातला, पवित्र पाणी शिंपडलं, संतांची नावं घ्यायला सुरुवात केली. बाई शांत होती. मी नाडी धरली होती, बहात्तर. संतांची नावं संपता संपता ती हसली, मग ओरडायला लागली. नाडी तरीही बहात्तर. मी हजारो नाड्या धरल्या आहेत. माणूस तसं ओरडतो तेव्हा नाडी बहात्तर राहत नाही.

तिच्यातल्या त्यानं आधी सुताराकडे पाहिलं. जाड, सावकाश आवाजात त्यानं सांगितलं की सुतारानं स्वतःच्या मेव्हण्याच्या शवपेटीला किडकं लाकूड वापरलं आणि चांगल्या फळ्यांचं कपाट बायकोला दिलं. सुताराची दातखीळ बसली. तो नंतर रडत म्हणाला की हे सांगायचं राहून गेलं होतं, शपथेवर. एरवी मी पोट धरून हसले असते.

मग ते माझ्याकडे वळलं. मला न्याहाळलं. आणि अगदी हळू, ताईच्या आवाजात, म्हणालं: चिमणे.

मला चिमणी म्हणणारी जगात एकच होती.

रविवार, १० तारीख

काल तिथेच वही मिटली. आज स्वच्छ लिहिते. मला पटलं. जे आहे ते आहे, आणि ते सगळं जाणतं.

मग फादरांबद्दल ते मूग गिळून का बसलं? दीड तास ते फादरांवर थुंकलं, शिव्या दिल्या, पण ताईचं नाव नाही. स्वयंपाकाच्या बाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, मोठे फादर कधी चुकत नाहीत, दर शनिवारी न्याहारीच्या आधी कबुलीला जातात, आणि बाहेर येतात ते डोळे लाल करून.

म्हणजे असं आहे तर. दर शनिवारी ताईला धुऊन टाकतात! म्हातारा हात वर करतो आणि माझी बहीण पुसली जाते, मग हे पांढरे स्वच्छ होऊन त्याच खोलीत उभे राहतात. आई कुढून कुढून मेली, मी बावीस वर्षं नीट झोपले नाही, आणि हे दर आठवड्याला नवे कोरे. देवानं क्षमा केली असेल. देवाची बहीण नव्हती ती.

चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसून मी त्यांचं प्रवचन ऐकलं आणि दात इतके आवळले की आत्ताही जबडा दुखतो आहे.

बुधवार, १३ तारीख

दुसरा विधी झाला. सुतार सकाळी अर्धा तास कबुली देत होता, लहानपणापासूनचं सगळं उकरलं असणार.

पाणी पाजताना तिनं पेला डाव्या हातानं धरला. शिंपीणबाई उजव्या हाताची आहे, माझी शिवण तिनं उजव्या हातानं घातली. ताई डावखुरी होती. ओठ पेल्याला लावून ती फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली की शनिवारी फादरला माझ्यासमोर क्षमेशिवाय उघडा आण, मग बघ. मी उत्तर द्यायचं नव्हतं. मी हो म्हटलं.

येत्या शनिवारी बिशपांचे सचिव पाहणीला येणार आहेत. बिशपांपुढे सगळा अहवाल तेच ठेवतात. याहून चांगले कान कुठे मिळणार?

फादरांना कबुलीपासून अडवता येणार नाही. पण कबुली ऐकणाऱ्याला ऐकूच आलं नाही तर? न ऐकलेल्या पापाची क्षमा कसली? म्हातारे फादर मानी आहेत. ऐकू आलं नाही की मान डोलावतात आणि गोड हसतात, हे मी जेवताना रोज पाहते. त्यांच्या कानाच्या मशीनचे सेल माझ्याच ताब्यातल्या औषधाच्या डब्यात असतात.

शनिवार, १६ तारीख, सकाळ

झालं. संपलेले सेल घातले आणि चांगले माझ्या खिशात आहेत. चाचणी म्हणून मागे उभी राहून भांडं पाडलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

सुतार आत गेला, बाहेर आला, हलका होऊन. सचिव गेले, आले. दोघांनाही गोड हसू आणि क्षमा मिळाली. मी गेले आणि गप्प बसून राहिले, मलाही मिळाली. मोठे फादर सगळ्यांच्या आधी, मी उठायच्या आतच जाऊन आले होते. हरकत नाही, सेल मी काल संध्याकाळीच बदलले होते.

जिन्यात त्यांनी मला तिसऱ्यांदा विचारलं. काही राहिलं असेल तर अजून वेळ आहे, म्हणाले. आवाजात काळजी होती. मला हसू आवरेना.

ताई, आज तुझा दिवस.

शनिवार, १६ तारीख, संध्याकाळ

क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

तीनला सुरुवात. आधी सुतार. त्यानं सकाळी दिलेली कबुली आत्म्यानं शब्दाला शब्द वाचून दाखवली. मग सचिव. त्यांचं इथे लिहीत नाही, ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांची पाचावर धारण बसली होती. म्हणजे माझी युक्ती चालली होती! मी शिंपीणबाईचे खांदे धरले होते आणि मनात म्हणत होते, आता, आता.

ते फादरांकडे वळलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि कंटाळलेल्या माणसासारखं म्हणालं की याच्याकडे काही नाही.

तेव्हा मला बाही दिसली. काळ्या बाहीवर खडूची पांढरी धूळ.

पाटी. पाटीवर लिहितात ते. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही हे या घरात त्यांना कधीचं ठाऊक आहे. लिहितात, म्हातारा वाचतो, पुसतात.

मी हात सोडायला गेले. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. आणि ताईच्या आवाजात, सगळ्यांसमोर, माझं वाचायला लागली.

काय वाचलं ते लिहिणार नाही. अकरा वर्षांच्या मुलीचं पाप ते केवढं असणार? मी लहान होते.

फादरांच्या हातून पुस्तक पडलं.

रविवार, १७ तारीख

शिंपीणबाई बरी झाली. स्वतःच्या आवाजात चहा मागितला, दोन कप प्याली, नवऱ्याच्या टोपीचं अस्तर उसवलंय म्हणाली. तो तिचे हात धरून हमसून हमसून रडला. दोघं दुपारी घरी गेले.

मोठे फादर माझ्या दाराशी आले. आत आले नाहीत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. माझे डोळे ताईचे आहेत म्हणे. मी कधीतरी येऊन तोंडावर थुंकेन, याची ते बावीस वर्षं वाट पाहत होते. मी ठरवलेलं सगळं त्यांनी निमूट ऐकून घेतलं असतं. मग म्हणाले की तुझी साक्ष मी खरी धरली, चूक माझीच. तू मूल होतीस.

मला राग आला. माझ्या हातून तेवढा सूडही काढून घेतला या माणसानं.

ते गेलं कुठे, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फक्त माझ्या उंबऱ्यावर पाण्याचा भरलेला जग ठेवून गेले.

सोमवार, १८ तारीख

काल दुपारपासून पाणी प्याले नाही.

तहान आहे. फार. पेला उजव्या हातानं उचलते, ओठांपाशी नेते, डावा हात येतो आणि खाली ढकलतो. तीन पेले. चौथा बाईंनी धरला. घसा मिटला. गिळताच आलं नाही. बाई घाबरून खाली पळाल्या —

नाडी स्वतःची पाहिली. बहात्तर.

मंगळवार, १९ तारीख

मागच्या खोलीत आणलं. मीच म्हटलं आणा. गोल कोपऱ्यांची खुर्ची. गादी. खिडकी.

डॉक्टर येऊन सुई लावून गेले. डाव्या हातानं ओढून काढली. पुन्हा लावली — पुन्हा. सुतारानं हात धरून ठेवला. सुताराच्या तोंडावर मी काहीतरी बोलले, त्याच्या बायकोबद्दल. मला त्याची बायको माहीत नाही.

फादर विधी करायला तयार आहेत. आधी कबुली दे, म्हणतात. एवढंच. तेवढं केलंस की तिला धरायला काही उरणार नाही. ते म्हणतात ती ताई नाही, तो आवाज उसना आहे. असेल. पण मला ती आवडते. तिनं मला — इतक्या वर्षांनी — चिमणे म्हटलं.

ती म्हणते, सांगू नकोस. सांगितलंस की मी पुसली जाईन.

बुधवार

जीभ टाळ्याला चिकटते. हे मला माहीत होतं. हे असं असतं हे माहीत नव्हतं.

म्हातारे फादर पायरीवर बसलेत. कानात नवे सेल. बाळ बोल, म्हणतात. तोंड उघडते — शिव्या येतात. पाटी दिली. खडू डाव्या हातानं घेतला, मोडला.

अंगणात ऊन. पायरी दिसते इथून. मी तिथे बसायचे. आतून केवढं स्वच्छ दिसतं — तिला माझा चेहरा अख्खा दिसत असणार —

गुरुवार असेल

ती झोपली की काय. डावा हात गप्प आहे. वही गादीखाली होती. लवकर. फादर वाचतील. वाचलेलं चालतं, पाटीसारखं.

ताईला दुसऱ्या गावात नोकरी लागली होती. सोमवारी जाणार होती. मला नेणार नव्हती. मी फादरांना सांगितलं ती दुपारी दुसऱ्याच आवाजात बोलते, क्रूसावर थुंकते. खोटं. सगळं खोटं. मला वाटलं जाणं तेवढं रद्द होईल.

आत जाऊ दिलं नाही हेही खोटं. कडी बाहेरून होती. कुलूप नव्हतं. पाण्याचा जग माझ्या मांडीवर असायचा, फादर सांगतील तेव्हा आत द्यायला. नवव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. ताई खिडकीशी आली. म्हणाली चिमणे, एक घोट. कुणाला सांगणार नाही. मी अजून रागात होते. मी तिच्याकडे बघत बघत जग तोंडाला लावला. सगळा प्याले. थांबून थांबून. रिकामा तिला दाखवला.

बोटं हलतायत. डावी. जागी झाली —

लिहिलं. सगळं लिहिलं. एकच राहिलं मागायचं. फादर, ताई, मला क्ष